बिनजाहिरातीची फायनल

मॅच रंगात आली आणि जाहिरात लागली, की हुबळीत शिव्या मला बसायच्या. जाहिरात मी लावलेली नसायची, चॅनेल माझं नव्हतं, मॅच तर कुठल्या कुठं चाललेली असायची. पण चॅनेलवाला मुंबईत काचेच्या ऑफिसात, त्याला कोण गाठणार? केबलवाला गल्लीच्या तोंडाशीच सापडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी केबलचा धंदा नव्वदच्या दशकात सुरू केला आणि सेट-टॉप बॉक्स आल्यावर आवरला. मधल्या सगळ्या वर्षांत आमच्या भागात देवाखालोखाल ज्याला हाका मारल्या गेल्या असतील तो मी.

एकदा परदेशातल्या क्रिकेटच्या मॅचमध्ये मैदानावरचे दिवे गेले. लगेच दुर्गदबैलाच्या बाजारातल्या एका कापडवाल्याचा फोन. "अण्णा, तिथली लाइट गेलीया. काय तरी करा की हो!" मी म्हटलं, "शेटजी, तिथं माझा खांब नाही." तर म्हणतात, "मग वर्गणी कशाची घेता?" उणकलला एका म्हशीनं आमची वायर चघळून ठेवली, आणि मी दुरुस्तीला गेलो तर म्हशीची मालकीण माझ्यावरच उलटली. माझ्या वायरीनं म्हणे तिच्या म्हशीचं दूध आटलं. असल्या धंद्यात माणूस एक तर वेडा होतो, नाही तर माझ्यासारखा तिरकस.

आता ज्यांनी फक्त रिमोट दाबला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गच्चीवर डिश असतात. एकेक डिश आकाशातल्या एकेका उपग्रहाकडे तोंड करून बसलेली. ती धरते ते चित्र खाली कंट्रोल रूममध्ये येतं, तिथं त्याला एक नंबर मिळतो आणि मग वायरीतून, खांबांवरून, नारळाच्या झाडांवरून ते तुमच्या घरात शिरतं. कंट्रोल रूम हे भारदस्त नाव झालं. माझी म्हणजे रेल्वे कॉलनीच्या कडेला एका तीनमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावरची खोली, तिच्यात यंत्रांची मांडणी, तीन खुर्च्या आणि एक पंखा. त्याचा वारा यंत्रांना, आम्हाला नाही. ह्याशिवाय आमचं स्वतःचं एक लोकल चॅनेल होतं. त्यावर लग्नाच्या साड्यांच्या पाट्या, हरवलेली माणसं आणि गणपतीची मिरवणूक. मिरवणुकीच्या वेळी बोलायला एक माईकही होता. ह्या माईकवर लक्ष ठेवा.

माझा जोडीदार म्हणजे बसू. वायर ओढण्यापासून डिश फिरवण्यापर्यंत सगळं तोच. डिश फिरवायची आमची पद्धत अशी: बसू गच्चीवर डिश ढकलणार, मी खाली टीव्हीसमोर बसून जिन्यातून ओरडणार. चित्र आलं की "बंतु!" आणि गेलं की "होतु!" कानडीत आलं आणि गेलं. आसपासच्या घरांतल्या बायका आमच्या ओरडण्यावरून ओळखायच्या, आज मालिका दिसणार की नाही ते.

हॉकीचं म्हणाल तर, क्रिकेट सगळीकडे होतंच, पण रेल्वे कॉलनीत हॉकी घरची होती. वर्कशॉपची पाळी सुटली की माणसं डबा घरी ठेवून मुरमाच्या मैदानावर. त्या मैदानावरचा आवाज म्हणजे यशवंतअण्णा. वर्कशॉपमध्ये फिटर, तरुणपणी संघाचा गोलकीपर, आणि गुडघा गेल्यावर मॅचचा कॉमेंटेटर. भोंग्यावर बसले की मराठी, कानडी, हिंदी एकाच वाक्यात. "लेफ्ट आउटनं घेतली, नोड्री, कसा पळतोय बघा, अरे पास दे, पास दे, मावशीच्या लग्नाला चाललास काय!" मॅच रटाळ असली तरी लोक त्यांच्यासाठी थांबायचे.

त्यांचा मुलगा मिलिंद, घरात पुट्टू. बापासारखाच गोलकीपर. खेळाच्या जोरावर त्याला वर्कशॉपमध्येच नोकरी लागली, परमनंट! यशवंतअण्णांनी कॉलनीभर पेढे वाटले. आणि मग ती हॉकीची लीग निघाली. शहराशहरांचे संघ, रंगीत कपडे, दिव्यांच्या झगमगाटात मॅचेस, टीव्हीवर. आमच्या भागाच्या संघानं मिलिंदला बोलावलं. रजा काही मिळेना. पोरानं राजीनामा दिला आणि गेला.

यशवंतअण्णांनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. भोंगाही सोडला. त्याचा फोन आला की उठून परसात जायचे. मला एकदा म्हणाले, "सरकारी नोकरी लाथाडून गेला. कशासाठी, तर तमाशासाठी." त्यांची बायको शांताक्का मात्र माझ्याकडे दर आठवड्याला चौकशीला. "अण्णा, पुट्टूची मॅच कधी दाखवणार हो?"

इथंच खरी गोम होती. दाखवणार कधी, हे दाखवणाऱ्यालाच माहीत नसायचं. पहिल्या वर्षी गाजावाजा झाला. पण हॉकीचे तेव्हा दोन अर्धे असायचे हे शेंबडं पोरही सांगेल, त्यांनी चार तुकडे केले. का? जाहिराती बसाव्यात म्हणून. तेवढ्यानंही पोट भरेना, तर गोल झाला रे झाला की साबण. साबण संपेतो दुसरा गोल झालेला! दुसऱ्या वर्षी आमच्या संघाच्या घरच्या मॅचेस उचलून दुसऱ्याच गावी नेल्या. घरच्या मॅचेस परगावी, म्हणजे लग्न नवरीच्या घरी आणि नवरी शेजारच्या तालुक्यात. मग मॅचेस मोठ्या चॅनेलवरून धाकट्या चॅनेलवर ढकलल्या. धाकटं हवं तर बरोबर आणखी चार घ्या म्हणाले. भेंडी मागितली तर वर पाच किलो दोडका. मी घेतलं, कारण शांताक्कापुढं माझं काही चालायचं नाही. तर धाकट्यावरही मॅच कधी उशिरा, कधी अर्धी, कधी नाहीच. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक ते. त्यांना काय माहीत, हुबळीत एक आई टीव्हीसमोर बसून कुठल्या कुठल्या देशातल्या मोटारींच्या शर्यती बघते आहे?

खुद्द मिलिंद मॅच झाली की माझ्या कंट्रोल रूमला फोन करायचा. "अण्णा, दाखवली काय?" खेळणाऱ्यालाच ठाऊक नाही, आपण दिसलो की नाही! बहुतेक वेळा मला "नाही रे" म्हणावं लागायचं. मग, "बरं. आईला सांगा, बरा आहे म्हणून." वडिलांचं नाव नाही.

आणि यशवंतअण्णांचं एक वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं होतं. म्हणाले, "जो खेळ दाखवायची त्यांनाच लाज वाटते, त्यासाठी माझ्या पोरानं नोकरी सोडली." म्हातारा कडू बोलत होता, पण खोटं बोलत नव्हता.

तिसऱ्या वर्षी आमचा संघ फायनलला गेला. रविवार, संध्याकाळची मॅच, लाइव्ह! आठवडाभर मी लोकल चॅनेलवर पट्टी फिरवली. कॉलनीच्या क्लबात मोठा टीव्ही लावला, खुर्च्या मांडल्या. आणि रविवारी दुपारी धाकट्या चॅनेलवर खाली बारीक अक्षरं सरकली: फायनल उद्या सकाळी. आज त्या वेळी काय? तर क्रिकेटची जुनी मॅच. जुनी! जिचा निकाल दुर्गदबैलातल्या हमालालाही पाठ होता.

अर्ध्या तासात माझ्या जिन्यावर ही गर्दी. सगळ्यांत पुढं पाटीलसर. हे शाळेतले निवृत्त खेळाचे मास्तर, कॉलनीतल्या निम्म्या पोरांच्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिलेली. आताही त्यांच्या हातात स्टिक होती. मी दोन पावलं मागं सरलो. "भिऊ नको," ते म्हणाले, "मारायला आणली नाही. राग आला की हातात काय तरी लागतं मला." मागं शांताक्का. ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आज तरी ह्यांना बसवलं असतं टीव्हीपुढं, ओढून. आता उद्या वर्कशॉपला जातील. राहिलंच की मग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, शांताक्का, घरी जा आणि यशवंतअण्णांना इकडे घेऊन या. कसंही आणा. काय करणार हे मला त्या घटकेला धड ठाऊक नव्हतं. पण आमच्या धंद्यात रिकाम्या वेळचा एक नाद असतो, तो आठवला.

मैदानावरचं चित्र आधी बाहेर उभ्या असलेल्या चॅनेलच्या गाडीतून उपग्रहाकडे जातं, तिथून चॅनेलच्या ऑफिसात. ऑफिसात त्याला कॉमेंटरी, पाट्या, जाहिराती चिकटतात आणि ते पुन्हा उपग्रहावरून तुमच्याकडे येतं. पहिल्या फेरीतलं ते चित्र म्हणजे कच्चं फीड. अमरगोळच्या मार्केट यार्डात दलालाचा हात लागण्याआधी जोंधळ्याची गाडी रस्त्यातच गाठावी, तसं. चॅनेल फायनल उद्या दाखवणार असलं तरी खेळ आजच होता, आणि चित्र आजच त्यांच्याकडे जाणार होतं. चित्राला सांकेतिक कुलूप लावलं नसेल तर ते वाटेत धरता येईल. कायद्याचं मला विचारू नका. तेव्हा विचारलं नाही, आता कशाला?

गच्चीवर एक जुनी जाळीची डिश पडून होती. तिचा कणा गंजलेला, त्यामुळे ती धरूनच बसावी लागे. बसू वर गेला. ओळखीच्या केबलवाल्यांना फोन करून मी फीडच्या जागा विचारल्या आणि शोध सुरू झाला. आधी एक परदेशी धर्मोपदेशक आला. मग घोड्यांच्या शर्यती. मग कुणी तरी बाई रिकाम्या स्टुडिओत नाक शिंकरत होती. पाटीलसर म्हणाले, "हिला काढ आधी." वारा सुटलेला. "होतु! बसू, होतु रे! आणखी पश्चिमेला!" आणि एकदम हिरवं मैदान, दिवे, आमच्या संघाचे कपडे!

"बंतुऽऽ!" मी इतक्या जोरात ओरडलो की खाली रस्त्यावर टाळ्या पडल्या. वरून बसूचा आवाज आला, "अण्णा, मी हालत नाही. तुम्ही बघून घ्या."

चित्र मी लोकल चॅनेलवर सोडलं. साड्यांच्या पाट्या गेल्या, फायनल आली. जाहिरात नाही, पाट्या नाहीत, नुसता मैदानाचा आवाज आणि चेंडूची टकटक. पण पाचच मिनिटांत फोन सुरू झाले. स्कोअर काय? कुणाकडे चेंडू आहे? सात नंबर कोण? कच्च्या फीडवर कॉमेंटरी नसते ना! पाटीलसरांनी फोन माझ्यापुढं नाचवला. "आता?"

दारात शांताक्का उभी होती आणि तिच्यामागं यशवंतअण्णा. तिनं त्यांना काय सांगून आणलं ते मी विचारलं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि तिथंच उलटे फिरले. पाटीलसरांनी स्टिक दारात आडवी धरली. "यशवंता, पोराचं राहू दे. अवघी कॉलनी आंधळी होऊन बसलीया. तू बोलला नाहीस तर ह्यांना मॅच कोण सांगणार?"

माणसाला आपल्या रागापेक्षा आपली कला प्यारी असते, हे मी त्या दिवशी पाहिलं. यशवंतअण्णा बसले. माईक पुढं ओढला. घसा खाकरला. "नमस्कार. हुबळीच्या समस्त हॉकीप्रेमींना..." आणि पुढं धबधबा सुटला. दोन-तीन वर्षं तुंबलेला! चेंडू कुणी घेतला, कुणी टाकला, पंच कसा झोपलाय, तिकडचा सेंटर फॉरवर्ड कसा हळदीला आल्यासारखा चालतोय, सगळं. फोन यायचे थांबले. क्लबातलं हसणं खिडकीतून ऐकू येत होतं. एक गोष्ट मात्र मी टिपली. दहा खेळाडूंची नावं ते पाठीवर वाचून घेत होते. अकराव्याला नुसतं "गोलकीपर". "गोलकीपरनं अडवली." "गोलकीपर पुढं आला." शांताक्का पदर तोंडाशी धरून बसलेली.

तिसरा तुकडा संपला. दोन्हीकडे दोन-दोन गोल. ब्रेक झाला.

आणि इथं ती चूक झाली. इतकी वर्षं टीव्हीनं आम्हाला शिकवलं होतं की ब्रेक झाला म्हणजे जाहिराती, आणि जाहिराती म्हणजे आपण उठून पाणी प्यायचं, आपल्याला कोण ऐकतंय! यशवंतअण्णांनीही तेच धरलं. माईक थोडा बाजूला सारला आणि खुर्चीत रेलले. पण आमच्या फायनलला जाहिराती नव्हत्या. कॅमेरा तसाच चालू होता. माईकचा लाल दिवाही.

पडद्यावर बाकावर बसलेला मिलिंद. हेल्मेट काढलेलं, चेहरा घामानं निथळत. खाली वाकून तो डाव्या पॅडवर कापडाची एक पट्टी गुंडाळत होता.

"अगं, बघ," यशवंतअण्णा बायकोला हळूच म्हणाले, "पट्टी बघ. आतनं घेतोय आणि गाठ बाहेरच्या अंगाला. माझ्या जुन्या पॅडचे पट्टे तुटलेले होते. शाळेत होता तेव्हा मीच शिकवली होती त्याला तशी बांधायला. आता एवढे महागाचे पॅड, त्याला पट्टी लागत नाही गं. तरी बांधतोय."

माझा हात बटणाकडे गेला. पाटीलसरांनी स्टिकचा आकडा माझ्या मनगटात अडकवला आणि मान हलवली. नको.

"इतका चांगला खेळतोय," यशवंतअण्णांचा आवाज फुटला. "कुणी सांगितलंच नाही मला."

"सांगत होते की," शांताक्का म्हणाली. "तुम्ही परसात."

वरून गच्चीवरून बसूचा आरडाओरडा. "अण्णाऽ! सगळ्या घरांतनं ऐकू येतंय! यशवंतअण्णांचं बोलणं सगळ्या घरांतनं येतंय!" पडद्यावर चित्राचे चौकोन चौकोन झाले. मी ओरडलो, "होतु! बसू, हालू नको!" चित्र परत जाग्यावर आलं. पण यशवंतअण्णांना कळायचं ते कळलं होतं. त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं, पांढरेफटक पडले आणि खुर्ची सरकवून उठले. आता हे जिना उतरणार आणि पुन्हा कधी वर चढणार नाहीत, असं मला वाटलं.

शांताक्कानं त्यांचा हात धरला. "आता काय लपवायचं राहिलंय? गावानं ऐकलं. बसा आता आणि नाव घेऊन सांगा."

चौथ्या तुकड्याची शिटी झाली. यशवंतअण्णा उभेच. तिकडच्या कुणी तरी चेंडू घेऊन मुसंडी मारली. म्हाताऱ्यानं माईक उचलला, आणि उभ्यानंच, गळ्याच्या शिरा ताणून: "मिलिंद! डावीकडं बघ, डावीकडं! शाब्बास! मिलिंदनं अडवली!" खाली क्लबात जो कल्लोळ उठला, मला वाटलं गोलच झाला.

पुढं कुणाचाच गोल झाला नाही. पेनल्टी स्ट्रोकवर गेली फायनल. आमच्या पोरांनी आपले मारले. तिकडचा शेवटचा माणूस चेंडू ठेवून उभा. त्यानं घातला तर पुन्हा बरोबरी, मिलिंदनं अडवला तर चषक आमचा. यशवंतअण्णांची कॉमेंटरी थांबली. सगळ्या हुबळीला त्यांचा नुसता श्वास ऐकू जात होता. शिटी. मार. मिलिंद उजवीकडे झेपावला आणि ती पट्टी बांधलेली डावी तंगडी मागं राहिली होती, तिलाच चेंडू थडकला आणि बाहेर.

"पुट्टूऽऽ!" यशवंतअण्णा ओरडले. "माझा पुट्टू! नोड्री, बघा, माझा पुट्टू!" माईक त्यांच्या हातातून पडला. पाटीलसरांनी स्टिक छताला लावली. मी रडलो, सांगून टाकतो. फटाके कुणी आणून ठेवले होते देव जाणे, पण वाजले, भरपूर वाजले.

थोड्या वेळानं फोन खणखणला. मिलिंद. नेहमीसारखं, "अण्णा, आजची उद्या सकाळी दाखवणार म्हणे. आईला तेवढं सांगा." मी रिसीव्हर यशवंतअण्णांच्या हातात दिला. माईकचं बटण ह्या वेळी मी स्वतः बंद केलं. गावानं पुरेसं ऐकलं होतं.

"शेवटच्या स्ट्रोकला उजवीकडे उगाच गेलास," बाप म्हणाला. मग रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून, "जेवलास काय रे?"

ती लीग पुढं बंद पडली. ज्यांनी चालवली त्यांनीच मोडली, तो राग माझा अजून गेलेला नाही. मिलिंद आता पोरांना गोलकीपिंग शिकवतो, पट्टीसकट. त्या पोरांच्या सामन्यांना भोंग्यावर यशवंतअण्णा असतात, आणि त्यांना आवरायला कुणी धजत नाही.

बसूनं त्या दिवशी मॅचमधला एकही चेंडू पाहिला नव्हता. मॅच संपेपर्यंत तो वर डिशला मिठी मारून बसला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चॅनेलवर ती फायनल बघितली, बहुतेक हुबळीत एकट्यानंच. दुपारी आला तो तोंड पाडून. "अण्णा, सगळं नीट बघितलं. पण ते पट्टी बांधलेलं कुठं दिसलंच नाही. तिथं साबण होता."

असणारच. ती पट्टी साऱ्या देशात फक्त आमच्या हुबळीनं बघितली.